खळ्यात पोर्सिलेनची फरशी: आधी पाण्याची वाट, मग टाइल

मी सावंतवाडी-कुडाळ भागात घरांची कामं घेते. हल्ली नवं घर बांधणारा जवळपास प्रत्येक मालक मोबाइलवर तसलाच एक फोटो दाखवतो: घरासमोर पोर्सिलेनच्या, म्हणजे भट्टीत कडक भाजलेल्या मातीच्या, करड्या रंगाच्या मोठ्या चौकोनी फरश्या आणि कडेला खुर्च्या. 'ताई, आमचं खळं असं करून द्या.' खळं म्हणजे आमच्याकडे घरापुढचं अंगण. करता येतं. नीट केलं तर आमच्या पावसात ते शहाबादी किंवा कोट्यापेक्षा चांगलं राहतं. पण फोटोत फरशीच्या खालचं काही दिसत नाही, आणि निम्म्याहून जास्त काम तिथेच असतं.

आधी माल. बाहेर सुटी, म्हणजे न चिकटवता खडीवर, मांडायची फरशी २० एमएम जाडीचीच हवी. घरात लावतात ती ८-१० एमएमची व्हिट्रिफाइड कितीही खरखरीत असली तरी खडीवर टिकत नाही; तिला खाली काँक्रीट आणि पूर्ण चिकटवण लागतं. दुकानात 'आउटडोअर' एवढं ऐकून पैसे देऊ नका, पट्टी लावून जाडी मोजा. बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो. खोक्यावर पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्क्याहून कमी आणि घसरण-रोधाचा दर्जा आर ११ लिहिलेला असावा. लिहिलेल्यावर भागत नाही. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि अनवाणी पाय घासून बघा. जूनपासून चार महिने खळं ओलंच असणार आहे, आणि त्यावरून घरातली म्हातारी माणसं तुळशीपर्यंत जाणार आहेत.

रंग फिकट घ्या. गडद करडी फरशी एप्रिलच्या दुपारी पाय ठेवू देत नाही. उन्हाळ्यात खळ्यात आमसुलं, सोलं, पापड वाळत पडतात, तेव्हा याचा त्रास समजतो. आमसुलांवरून आठवलं: शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळे कोकमाचा आंबट रस सांडला की त्यांची झिलई जाते आणि डाग आत उतरतो. पोर्सिलेनवरचा तोच डाग ओल्या फडक्याने निघतो. आमच्याकडे ही फरशी घेण्याचं मला पटलेलं मोठं कारण हेच आहे.

मोजणीत फसगत होते ती अशी. दोन बाय दोन म्हणतात ती फरशी प्रत्यक्षात ६०० एमएमची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. एका नगाचे चार नाही, ३.८७ चौरस फूट भरतात. २०० चौरस फुटांना ५० नग सांगितले तर शेवटच्या रांगेत काम अडतं. ५२ धरा, त्यावर कापाकापीचे दहा टक्के. सगळा माल एकाच बॅचचा घ्या, आणि पाच-सहा नग पडवीत जपून ठेवा, कारण दोन वर्षांनी तोच रंग मिळेल याची खात्री नसते. एक नग साधारण १६-१७ किलोचा असतो. टेम्पोतून उतरवताना दोन माणसं लावा आणि फरशा उभ्याच ठेवा. ही फरशी सपाट पडून भार भरपूर घेते, पण कोपरा दगडावर आपटला की टवका उडतो.

आता खणायचं काम. ते दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर काढा. भराव नवा असेल तर एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. चाकाने कितीही दाबलेली लाल माती पहिल्या आषाढात बसतेच. खणण्याआधी भर पावसातलं खळं आठवा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, जातं? ती वाट तशीच ठेवायची, तिच्या आडवं बांधकाम करायचं नाही. उतार घराच्या जोत्यापासून बाहेर, दहा फुटांना दोन इंच. कमी पावसाच्या मुलखात याहून कमी चालतो, इथे नाही. उतार डोळ्याने ठरवू नका, पातळी बघायची पाण्याची नळी लावा, खुंट्या ठोका आणि दोरी ताणा. तयार फरशीचा माथा जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान सहा इंच खाली राहिला पाहिजे, नाहीतर ओल भिंतीत चढते.

खोली साधारण आठ इंच. तळाची माती धुम्मसाने ठोकून त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. हे कापड वाचवायला सगळे बघतात, आणि मी ते कधीच वगळू देत नाही. चिकट लाल माती पावसात खडीत वर चढते, खडी मातीत रुतते, आणि मग एकेक फरशी डुगडुगू लागते. कापडावर २० एमएमची काळी खडी पाच इंच, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने (थरथरत्या पत्र्याच्या दाबयंत्राने) दाबून. त्यावर क्रशरची ६ एमएम ग्रिट, म्हणजे बारीक कच, सव्वा-दीड इंच. ग्रिट धुतलेली हवी. डस्ट (दगडाची भुकटी) मिसळलेली असली तर ती पाणी धरते, आणि वाळूतही तीच अडचण, शिवाय मुंग्या ती उकरून वर आणतात. कडेला चिऱ्याची (जांभ्या दगडाची) एक ओळ काँक्रीटमध्ये बसवा. कड बांधलेली नसेल तर फरशा हळूहळू बाहेर सरकतात.

ग्रिट सारखी करायला दोन लोखंडी पाइप उताराप्रमाणे मांडून त्यांवरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ओढायची. पाइप काढून चर भरला की त्या भागावर कुणी पाय ठेवायचा नाही. मग फरशी दोघांनी सरळ वरून खाली ठेवायची. सरकवली की पुढे ग्रिटचा ढीग होतो आणि ती कड वर राहते. रबरी हातोड्याने मधून कोपऱ्यांकडे ठोका. प्लेट कॉम्पॅक्टर फरशीवर चालवू नका, तडा जातो. सांधा ४-५ एमएम, स्पेसर (फट सारखी राखणारे छोटे तुकडे) लावून. ठेवलेल्या प्रत्येक फरशीच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने उभं राहायचं. जरा जरी हलली तर तिथल्या तिथे उचलून ग्रिट सारखी करायची. 'नंतर बसेल' म्हणून सोडलेली फरशी बसत नाही.

आमच्या घरांना एक गोष्ट सोडून चालत नाही, ती म्हणजे पागोळ्या. कौलांवरून पडणारी धार चार महिने एकाच ओळीवर पडते. त्या ओळीखाली फरशीचा सांधा आला तर ग्रिट धुऊन जाते, खाली पोकळी होते, आणि उडालेल्या लाल चिखलाने भिंत दोन फूट रंगते. पहिल्या पावसात धार नेमकी कुठे पडते ती खूण बघा. पावसाआधी काम करायचं असेल तर कौलांवर पाइपने पाणी सोडून बघा. त्या ओळीत फूटभर रुंदीचा पट्टा फरशीविना ठेवून त्यात मोठे गोटे भरा, आणि खाली छिद्रांचा पाइप टाकून तो बाहेरच्या गटाराला जोडा. दिसायलाही हा पट्टा छान वाटतो, पण तो त्यासाठी नाही.

गाडी जिथे उभी राहणार तिथे सुटी फरशी मांडूच नका. तिथे काँक्रीटवर चिकटवायची. पायऱ्या आणि ओटा यांचंही तसंच. पोर्सिलेन पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटची रबडी तिला धरत नाही. बाहेरच्या कामाचा पॉलिमर टाइल अ‍ॅडहेसिव्हच घ्या, पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप २ किंवा त्यावरचा दर्जा बघून. फरशीच्या पाठीवर भट्टीची पांढरी पूड असते, ती ओल्या फडक्याने पुसून टाका. दात्यांच्या थापीने जमिनीवर मसाला ओढा आणि फरशीच्या पाठीलाही पातळ हात मारा. कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी दाबण्याची जुनी पद्धत बाहेर अजिबात चालणार नाही: मधल्या पोकळीत पाणी शिरतं, सिमेंटचे क्षार सांध्यातून वर पांढरे फुटतात. दर तीनेक मीटरवर सिलिकॉनचा लवचीक सांधा सोडा, उन्हाने फरशी वाढते तिला जागा लागते.

गच्चीवर मला पेडेस्टल आवडतात, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे प्लास्टिकचे पाय. पाणी सांध्यांतून खाली उतरतं, मूळ कोब्याच्या उतारावरून वाहून जातं आणि वर फरशी सपाट राहते. पण आधी वॉटरप्रूफिंग तपासा: पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. खाली ओल असताना वर फरशा मांडणं म्हणजे दुखणं झाकणं. चार कोपऱ्यांत चार पाय आणि मध्ये पाचवा द्या. वजन चौरस मीटरला ४६-४७ किलो येतं, जुन्या स्लॅबसाठी इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाऱ्याचंही तेच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर काय केलं ते आपण पाहिलं आहे. कठडा नसलेल्या उंच गच्चीवर सुट्या फरशा ठेवायला मी नकार देते.

कापणाऱ्या माणसाबद्दल कळकळीने सांगते. फरशी सलग कडेच्या डायमंड ब्लेडने, पाणी सोडत कापायची. कोरडी कापली की जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असतो, तो फुप्फुसात बसला की परत निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. एन ९५ मास्क आणि चष्मा मालकाने आणून द्यावा, त्याचे पैसे कामाच्या दरातून कापू नयेत.

नंतरची निगा फारशी नाही. शेवाळ फरशीवर नाही, तिच्यावर साचलेल्या मातीच्या थरावर धरतं. म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एकदा ताठ खराट्याने झाडा, आणि श्रावणात एकदा साबणाच्या पाण्याने घासा. अ‍ॅसिड वापरू नका, ते सिमेंटचे सांधे खातं. पावसाळा संपला की सुट्या फरश्यांच्या सांध्यांत भरलेली बारीक ग्रिट बघून जिथे खाली गेली असेल तिथे भरा. एखादी फरशी खचली किंवा खालून पाण्याचा पाइप न्यायचा झाला तर काच उचलायचे व्हॅक्यूमचे दोन कप लावून ती वर घ्या, काम करा, ग्रिट पुन्हा ओढा आणि तीच फरशी परत ठेवा.