२०४८ खेळताना आधी ठरवा, कुठे जायचं नाही

२०४८ हा मोबाइलवरचा आकड्यांचा खेळ खेळायला घेणार असाल तर पहिल्याच डावात चार दिशांपैकी एक दिशा बंद करून टाका. मी ‘वर’ बंद केली. खाली, डावीकडे, उजवीकडे हवं तितकं बोट फिरवायचं, वर मात्र नाही. माझा खेळ त्या दिवसापासून सुधारला. मी घरून अनुवादाचं काम करते, आणि पुढे त्या कामाची घडीही याच नियमाने बसली, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चार बाय चारचा पट, सोळा घरं. बोट सरकवलं की सगळ्या टाइल त्या बाजूला जाऊन टेकतात आणि सारखे दोन आकडे भिडले की त्यांची एक टाइल होते. मग कुठल्याही रिकाम्या घरात नवी टाइल येते. बहुतेकदा २, दहात एखाद्या वेळी ४. अशा जोड्या जुळवत २०४८ ची टाइल बनवायची. गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, दोन दिवसांच्या सुट्टीत हा खेळ लिहिला.

मला सर्वात उपयोगी पडलं ते एक साधं गणित. जोड्या जुळल्या म्हणून पटावरची एकूण बेरीज वाढत नाही. दोन ६४ जाऊन एक १२८ येतो, एवढंच. बेरीज वाढते ती फक्त नव्या टाइलमुळे, सरासरी २.२ ने. म्हणजे २०४८ च्या टाइलपर्यंत पोचायला साधारण ९३० वेळा बोट फिरवावंच लागतं. कितीही हुशार खेळाडू असला तरी हे चुकत नाही. हे कळलं तेव्हा माझ्यासमोर चारशे पानांचं पुस्तक होतं, मुदत दोनदा उलटली होती आणि एखाद्या आठवड्यात रात्री जागून सगळं उरकेन अशी मी स्वतःची समजूत घालत होते. त्या संध्याकाळी मी पानं मोजली, दिवस मोजले आणि रोजची तीन पानं ठरवली.

आता कोपरा. सर्वात मोठी टाइल खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा आणि तिच्या शेजारी उतरत्या क्रमाने बाकीच्या. खालची ओळ अशी: ५१२, २५६, १२८, ६४. त्या ६४ च्या डोक्यावर ३२, मग उलट डावीकडे १६, ८, ४. खालची ओळ भरलेली असेल आणि तिच्यात शेजारी-शेजारी सारखे आकडे नसतील, तर डावी-उजवीकडे कितीही हलवा, ती जागची ढळत नाही. सगळा खेळ या ओळीच्या जोरावर चालतो. माझी खालची ओळ म्हणजे सकाळचे सात ते दहा. तेव्हा फक्त पुस्तक. पत्रकं, जाहिराती, दोन पानांची तातडीची कामं सगळी दहानंतर. आणि बंद दिशा म्हणजे सकाळचे मेसेज. मी ते वाचतसुद्धा नाही, कारण वाचलं की उत्तर द्यावंसं वाटतं आणि उत्तर दिलं की सकाळ गेली.

पण कधीतरी वर जावं लागतं. खाली हलत नाही, आणि डावी-उजवीकडे गेलं तर रचना मोडते. अशा वेळी घाबरून बोट फिरवू नका, आधी कोपऱ्याचा उभा रकाना बघा. तो चारही घरं भरलेला असेल आणि त्यात लागोपाठ सारखे आकडे नसतील, तर वर सरकवूनही मोठी टाइल तिथेच राहते. रकान्यात फट असेल तर मोठी टाइल वर उचलली जाते, आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात नेमका २ येऊन बसू शकतो. म्हणून अडचण दिसायला लागली की आधी तो रकाना भरून घ्या. वर गेलात की पुढचीच हालचाल खाली.

आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला हा रकाना आठवला. दवाखान्यात किती दिवस जातील याचा अंदाज नव्हता. निघायच्या आदल्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं: कुठल्या वाक्यावर थांबले, पुढच्या परिच्छेदातल्या कुठल्या शब्दावर अडले आहे, कुठले दोन पर्याय डोक्यात आहेत. अकरा दिवसांनी परत बसले तेव्हा दहा मिनिटांत हात चालू लागला. याआधी अशी खंड पडलेली कामं पुन्हा धरायला मला आठवडा लागायचा. आता ही नोंद मी रोज कामावरून उठण्यापूर्वी करते. आई बरी आहे.

कोपऱ्यात २ अडकलाच तर घाई नको. त्याच्या शेजारी दुसरा २ आणा, मग ४, मग ८. वरच्या मोठ्या टाइलच्या तोडीचा होईपर्यंत त्याला वाढवत न्या. वेळखाऊ आहे, पण डाव वाचतो. काही ॲपमध्ये हालचाल मागे घेण्याची सोय असते. ती वापरू नका, नजर तयार होत नाही.

एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. एका हालचालीत एक टाइल एकदाच जुळते. २, २, ४ अशी ओळ डावीकडे सरकवली तर ४, ४ होते, लगेच ८ नाही. ८ साठी पुन्हा सरकवावं लागतं. आणि ४, ४, ४ असतील तर ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूची जोडी आधी जुळते, म्हणून मोठी टाइल ज्या टोकाला हवी तिकडेच न्या.

मग तो क्षण येतो ज्यासाठी मी अजूनही खेळते. ६४ च्या वर दुसरा ६४ तयार होतो. खाली: १२८. डावीकडे: २५६. डावीकडे: ५१२. डावीकडे: १०२४. चार वेळा बोट फिरलं आणि खालची अख्खी ओळ कोपऱ्यात एका टाइलमध्ये गोळा झाली. पट मोकळा होतो, आणि हात सैल सोडावासा वाटतो. माझे सर्वाधिक डाव इथेच गेले आहेत. मोकळ्या पटावरही आधी खालची ओळ भरा. कोपरा तोच, बंद दिशा तीच.