पूलमधला नेम उभ्यानेच धरावा
पूल म्हणजे काठीने बॉल टेबलाच्या खिशांत ढकलण्याचा खेळ. जळगाव-भुसावळकडच्या पूल टेबलांवर बहुतेक मंडळी आधी वाकतात आणि मग मान हलवत नेम शोधतात. वास्तविक रेषा उभ्यानेच ठरवायला हवी. पांढऱ्या बॉलच्या दोन पावले मागे उभे राहून फटक्याची रेषा पाहावी, उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवे पाऊल तिच्यावर टेकवावे आणि नजर न हलवता खाली वाकावे. कोणता डोळा नेम धरतो हे ओळखायला दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या दिव्यावर बोट रोखावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या उघड्या डोळ्याला बोट दिव्यावरच दिसते, तो आपला प्रबळ डोळा. क्यू, म्हणजे फटक्याची काठी, बहुधा त्याच्याखाली यावा, मात्र काहींना तो हनुवटीच्या मधोमधच सरळ दिसतो. वाकल्यावर नेम चुकल्यासारखा वाटल्यास क्यू वळवून सावरू नये. पुन्हा उभे राहावे, मागचे कितीही ‘आटप ना भो’ म्हणोत.