६०० शर्ट मोजू नका, गठ्ठे मोजा

माझी अम्मा सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळायची. दिवसाला हजार. पण हजार असं तिला मोजताना मी कधी पाहिलं नाही. २५ विड्यांचा कट्टा. जेवायच्या आत २० कट्टे, दिवेलागणीपर्यंत उरलेले २०. आता मी सहा मशिनींवर युनिफॉर्म शिवून देते, आणि ६०० शर्टांची ऑर्डर आली की तोच हिशेब लावते.

१२ शर्टांचा एक गठ्ठा, म्हणजे ५० गठ्ठे. रोज ३ निघाले तर १७ दिवस. वर ५ दिवस मोकळे ठेवा. मे महिन्यात लाईट जाणार आणि कुणाच्या तरी घरी लग्न निघणारच. शाळा जूनच्या मध्यात भरते, त्या तारखेपासून मागं मोजत या.

कात्री लावायच्या आधी हातभर कापड मापून धुवा, वाळलं की परत मापा. आटलं असेल तर कटिंगमध्ये तेवढं वाढवून घ्या. एक नमुना शिवा आणि मुख्याध्यापकांची सही असलेली चिठ्ठी त्याला टाचून ठेवा. मग "खिसा मोठा सांगितला होता" हे निघत नाही.

गठ्ठ्यात साईज एकच, कापडही एकाच ताग्याचं. इथं मी एकदा चांगलीच आपटले. पांढरं ते पांढरं, म्हणून सगळे तागे एकदम कापले आणि तुकड्यांना नंबर लावले नाहीत. शिवलेला शर्ट उन्हात धरला तर बाह्या निळसर, पाठ पिवळट! चार रात्री उसवत बसले. आता कटिंग मास्तर उठले की आधी प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी: तागा, साईज, कितवा थर. एका नंबरची बाही दुसऱ्या नंबरच्या पाठीला लागत नाही.

शिलाईचं काही नाही, ती हातातली आहे. अडतं ते काज-बटणाला, कारण ते बाहेर जातं. शर्टाला ७ काजं धरली तर ४२०० झाली. सगळं शिवून एकदम नेलं तर काजवाला काय आपल्यासाठी रिकामा बसलाय? त्या दिवसांत त्याच्याकडं निम्म्या गावाचे गठ्ठे पडलेले असतात. तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तयार गठ्ठे स्कूटीवर टाकून पोचवा, येताना आधीचे घेऊन या.

भिंतीवर खडूनं ५० चौकोन काढते. काज-बटण, इस्त्री, पॅकिंग झालं की गठ्ठ्याची फुली. परवा नव्या पोरीनं शिलाई संपल्या संपल्या फुली मारली. मी पदरानं पुसून टाकली.