'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' वाचताय? पिपचं वकीलपत्र घेऊ नका

एम.ए. इंग्लिशला 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' लागली आहे आणि दोन-तीन प्रकरणांनंतर पुस्तक उशाशी पडून आहे, अशांसाठी हे लिहितेय. डिकन्स कोण, व्हिक्टोरियन काळ कुठला, हे वर्गात झालेलं असतं. ते उगाळत नाही.

आधी धीर देते. कादंबरी दिसते तेवढी अंगावर येत नाही. प्रकरणं ५९ आहेत, आणि डिकन्सने ती स्वतःच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात थोडी थोडी करून छापली. तेव्हाच्या वाचकाला आठवड्याला एखाद-दोन प्रकरणंच मिळायची. तुम्हीही एका बैठकीला तेवढंच वाचा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकू म्हणाल, तर हाती काही लागणार नाही, स्पष्ट सांगते. 'जो' (Joe), म्हणजे नायक पिपला वाढवणारा त्याचा लोहार मेहुणा, बोलायला लागला की स्पेलिंगं विचित्र दिसतात. तिथे डिक्शनरी बाजूला ठेवून मोठ्याने वाचा, कानाला कळतं.

आता मी जिथे अडकले ते. आठव्या प्रकरणात मिस हॅविशॅम या श्रीमंत बाईच्या घरी तिने वाढवलेली एस्टेला पिपशी पत्ते खेळते आणि त्याच्या राठ हातांना, जाड बुटांना नावं ठेवते. तोवर पोराला स्वतःच्या हातांची लाज कधी वाटलेली नसते. मराठी माध्यमातून शहरातल्या कॉलेजात आलेल्या आणि उच्चारांवरून हसं झालेल्या कोणालाही हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. मी तर तिथल्या तिथे पिपची बाजू घेतली. घोळ होतो तो इथेच. एकदा वकीलपत्र घेतलं की पुढे तो जे करेल ते आपण माफ करत सुटतो. बिचाऱ्याला वर यायचंय, लोहाराच्या भट्टीपुढे जन्म काढायचा का त्याने? पण गोष्ट सांगतोय तो हा पोरगा नाहीच. सांगणारा पिप मोठा झालाय, बरंच गमावून बसलाय, आणि तो चक्क स्वतःविरुद्ध साक्ष देतोय. आपण वकील, आणि आपला अशील कबुलीजबाब देतोय, अशी गत होते.

सत्ताविसावं प्रकरण घ्या. निनावी माणसाकडून अचानक पैसा मिळून पिप आता लंडनला बार्नार्ड्स इनमध्ये राहतो, आणि जो त्याला तिथे भेटायला येणार असतो. पिप सरळ सांगतो की पैसे देऊन हे टळलं असतं, तर मी नक्की दिले असते. जो येतो, अवघडून 'सर' म्हणतो, त्याची हॅट फायरप्लेसवरच्या कोपऱ्यातून सारखी पडते, आणि आपल्याला हसू येतं. हे हसू आपण तरुण पिपच्या शेजारी बसून हसतो. त्याच प्रसंगात मोठा पिप म्हणतो की दोष सगळा माझा होता, मी मोकळा वागलो असतो तर जोही मोकळा वागला असता. हॅटच्या गमतीत हे वाक्य निसटतं. मग पेपरात 'जो हे विनोदी पात्र आहे' असं लिहून आपण मोकळे होतो.

म्हणून 'मी' आला की विचारायचं, वैतागलेला पोरगा बोलतोय की मागे वळून पाहणारा माणूस? समासात पेन्सिलने 'ल' आणि 'मो' लिहा, लहान आणि मोठा. आधी कंटाळा येईल. पण काही परिच्छेदांत मध्येच 'ल'चा 'मो' होतो. वर्ग, महत्त्वाकांक्षा, लाज, जे काही फळ्यावर लिहिलं जातं ते त्या सांध्यात सापडतं.

गाईडं आणि सीनियर्सच्या झेरॉक्स नोट्स आधी उघडू नका. (मला 'थीम्स पाठ कर, पुस्तक कोण वाचतंय' असं सांगणारे शिकवणारेच होते. असो.) पिपला पैसा कोण पुरवतं हे गाईड सुरुवातीलाच फोडतं, आणि एकोणचाळिसाव्या प्रकरणाचा जीव जातो. मी इथे सांगणार नाही. ते प्रकरण झालं की लगेच अठरावं परत काढा आणि जॅगर्स वकिलाचा शब्द न् शब्द तपासा. तो देणाऱ्याचं नाव घेत नाही, चौकशीला मनाई करतो, संशय असेल तर मनात ठेव म्हणतो. खोटं कुठेच बोलत नाही. बाकीचं पिपने रचलं, आणि त्याच्या नादाने आपणही.

लंडनचा मधला भाग रेंगाळतो, खरंय. जॅगर्सचा कारकून वेमिक, त्याच्या वॉलवर्थमधल्या घरापर्यंत रेटा. उचलता येणारा पूल आणि रोज रात्री नऊला उडणारी तोफ भेटली की बरं वाटेल. पैशांचे आकडे मात्र टिपत जा. पिप जोच्या हाताखाली उमेदवारीला लागतो तेव्हा मिस हॅविशॅम २५ गिनी देते, म्हणजे सव्वीस पौंड आणि वर थोडे, आणि त्याचं केवढं कौतुक होतं! एकविसाव्या वाढदिवशी पिपला वर्षाचे ५०० पौंड ठरतात, तरी उधारी संपत नाही. तो आणि त्याच्यासोबत राहणारा मित्र हर्बर्ट कर्जाचा हिशेब मांडतात, वर थोडी मार्जिन ठेवतात, आणि मार्जिनपुरतं नवं कर्ज करून बसतात. हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे चौतिसावं प्रकरण वेगळं शिकवायला नको.

शेवट दोन आहेत. डिकन्सने आधी लिहिलेला शेवट त्याचा कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून बदलला. मूळ शेवट पुढे फॉर्स्टरने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रात छापला गेला. बऱ्याच आवृत्त्यांत तो परिशिष्टात असतो, तुमच्या प्रतीत नसेल तर लायब्ररीतून दुसरी आवृत्ती काढा. मला मूळचाच पटतो. छापलेल्या शेवटात एस्टेलाला पिपच्या हाती दिल्यासारखं वाटतं, आणि 'मो' म्हणून खूण केलेल्या इतक्या वाक्यांनंतर ते मला फार सोपं वाटलं. तुमचं मत उलटं झालं तर तसंच लिहा, फक्त दोन्ही वाचून लिहा.