मॉनिटर ६० हर्ट्झच्या वर न्यायचाय? आधी पिक्सेल क्लॉकचं गणित करा

मॉनिटरच्या खोक्यावर ६० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा नवं होतं, हाच रिफ्रेश रेट) लिहिलंय म्हणून तो ६० लाच अडतो असं काही नाही. बरेच पॅनेल ७०-७५ पर्यंत सहज जातात, पण विंडोजच्या यादीत तो पर्यायच दिसत नाही, कारण मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची जी कुंडली पाठवतो (एडिड म्हणतात तिला, मूळ ब्लॉक जेमतेम १२८ बाइटचा) तिच्यात तो लिहिलेलाच नसतो. कस्टम रिझोल्यूशन बनवायचं म्हणजे त्या कुंडलीत आपल्या हाताने एक ओळ घुसवायची, बस.

पण हात लावायच्या आधी परतीची वाट बघून ठेवा. मी पहिल्यांदा उत्साहात आकडे टाकले आणि स्क्रीन काळी, मधोमध "आउट ऑफ रेंज" इकडून तिकडे फिरतंय, आणि ते रद्द करायचं बटण त्याच काळ्या स्क्रीनच्या मागे! विंडोजच्या सेटिंगमधून मोड बदलला असेल तर काही करू नका, हात बांधून बसा, साधारण १५ सेकंदात जुना मोड आपोआप परत येतो. सीआरयू (म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, फुकट आहे) वापरणार असाल तर त्याच्या फोल्डरमध्ये रीसेट-ऑल नावाची फाइल असते, ती कुठेय ते आधीच बघून ठेवा, अगदीच अडकलात तर सेफ मोडमध्ये जाऊन ती चालवायची. दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून ठेवता आला तर सगळ्यात बेस्ट. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरला चुकीच्या टायमिंगने खरंच इजा व्हायची, एलसीडी सहसा नुसता नकार देऊन गप्प बसतो, तरी स्क्रीनवर रेघा आल्या किंवा चित्र थरथरलं तर लगेच मागे या, "बघू जरा वेळ" करू नका.

आता गणित, कारण सगळी मेख इथेच आहे. १९२० बाय १०८० म्हणजे आपल्याला दिसणारे पिक्सेल, पण केबलमधून त्याहून जास्त जातं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी थोडा रिकामा वेळ असतो, त्याला ब्लँकिंग म्हणतात. सीआरटीच्या काळात इलेक्ट्रॉनचा झोत परत पहिल्या जागी यायला हा वेळ लागायचा, तो झोत गेला पण ब्लँकिंग राहिलं. त्याचे तीन तुकडे: फ्रंट पोर्च, सिंक, बॅक पोर्च. पुढची ओसरी, दार आणि मागची पडवी असं लक्षात ठेवा, मी तरी तसंच ठेवलंय.

टीव्हीवाल्या नेहमीच्या टायमिंगमध्ये १०८०पी ला आडवे एकूण २२०० पिक्सेल आणि उभ्या एकूण ११२५ ओळी असतात. २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० केलं की १४ कोटी ८५ लाख, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ, हाच पिक्सेल क्लॉक, सेकंदाला केबलमधून किती पिक्सेल जातात तो आकडा. रिड्यूस्ड ब्लँकिंग (म्हणजे हा रिकामा वेळ कापलेलं टायमिंग) घेतलं तर तेच आकडे २०८० आणि ११११ होतात आणि क्लॉक १३८.५ वर उतरतो (रिफ्रेश ५९.९३ दिसेल, घाबरू नका, क्लॉक पाव-पाव मेगाहर्ट्झच्या पायरीवर बसवतात म्हणून तसं होतं). चित्र तेवढंच, पण १० मेगाहर्ट्झ मोकळे झाले की नाही? ते आपण हर्ट्झवर खर्च करायचे.

समजा तुमच्याकडे सिंगल लिंक डीव्हीआय (मॉनिटर जोडायचा जुना पोर्ट) आहे, त्याची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. १६५ ला २२०० गुणिले ११२५ ने भागा, जेमतेम ६६ हर्ट्झ पदरात पडतात. तेच २०८० गुणिले ११११ ने भागा, ७१ येतात. केबल तीच, मॉनिटर तोच, नुसती रिकामी जागा कापून ५ हर्ट्झ मिळाले. एचडीएमआय १.४ वर मर्यादा ३४० आहे आणि २.० वर ६००, त्यामुळे तिथे १०८०पी ला केबल कमी पडत नाही, पण मॉनिटरच्या आतला बोर्ड कुठे थांबेल ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये चेंज रिझोल्यूशन, तिथे कस्टमाइझ, मग क्रिएट कस्टम रिझोल्यूशन. रुंदी-उंची नेटिव्हच ठेवा, रिफ्रेश रेट वाढवा, खाली टायमिंगमध्ये स्टँडर्ड म्हणून ड्रॉपडाउन आहे तिथे सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक (सीव्हीटी म्हणजे टायमिंगचे आकडे काढायचं ठरलेलं सूत्र) निवडा आणि टेस्ट दाबा. पहिल्याच फटक्यात ७५ टाकायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण ६५, मग ७०, मग एकेक करत वर जा. कस्टमचं बटणच सापडत नसेल तर डीएसआर (चित्र मोठ्या रिझोल्यूशनला बनवून लहान करून दाखवायची एनव्हिडियाची सोय) चालू आहे का बघा, आणि मॉनिटर डीएससी कॉम्प्रेशन (केबलमधून जाणारा सिग्नल दाबून पाठवणं) वापरत असेल तरी ते बऱ्याचदा गायब असतं. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्ले टॅबखाली कस्टम रिझोल्यूशन्स आहे, तिथेही हेच.

मॅन्युअल निवडलंत तर आकडे स्वतः भरावे लागतात. रिड्यूस्ड ब्लँकिंगचे आडवे आकडे ठरलेले आहेत: फ्रंट पोर्च ४८, सिंक ३२, बॅक पोर्च ८०, बेरीज १६०. उभ्यात फ्रंट ३, १०८०पी ला सिंक ५, आणि उरलेलं सगळं बॅक पोर्चला. ७५ हर्ट्झला उभ्या एकूण ओळी १११९ होतात आणि क्लॉक १७४.५ च्या आसपास. काही ठिकाणी बॅक पोर्चचा रकानाच नसतो, नुसता टोटल विचारतात, तिथे गोंधळू नका, टोटलमधून बाकीचं वजा केलं की जे उरतं तोच बॅक पोर्च.

अजून कापू का, असं वाटेलच. आडवं थोडं कापलं तर चालून जातं, उभं कापताना मात्र जपून, कारण ग्राफिक्स कार्ड आपल्या मेमरीचा वेग त्या उभ्या ब्लँकिंगच्या फटीतच बदलतं. फट फार अरुंद केली तर काही कार्डांवर, विशेषतः एएमडीच्या, नुसता डेस्कटॉप उघडा असताना पण मेमरी फुल स्पीडला अडकून बसते आणि कार्ड उगाच तापतं, नाहीतर स्क्रीन मधूनच लुकलुकते.

सीआरयूची पद्धत जरा वेगळी, त्यात आकडे सेव्ह करून ओके केलं तरी काहीच होत नाही, सोबतची रीस्टार्ट फाइल चालवून ड्रायव्हर परत सुरू करावा लागतो किंवा सरळ कॉम्प्युटर रीस्टार्ट. ती फाइल चालवल्यावर १५ सेकंदात स्क्रीन आलीच नाही तर एफ८ दाबा, रिकव्हरी मोडमध्ये तुमचे बदल तात्पुरते बाजूला राहतात. मग विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन नवा रेट निवडा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: सीव्हीटी कमांडला रुंदी, उंची, हर्ट्झ द्या, ती मोडलाइन (म्हणजे हेच सगळे टायमिंगचे आकडे एका ओळीत) छापून देते, ती एक्सरँडर या कमांडला न्यूमोड म्हणून द्या आणि अॅडमोडने आउटपुटला जोडा. हे एक्स११ वर चालतं (लिनक्सची पडद्यावर चित्र दाखवायची जुनी व्यवस्था), वेलँड या नव्या व्यवस्थेवर एक्सरँडरने मोड वाढवता येत नाही. आणि १३६६ बाय ७६८ मागितलं तर १३६८ मिळेल, कारण सीव्हीटीचं सूत्र रुंदी ८ च्या पटीत करतं, तुमची चूक नाहीये ती.

आता ७५ दिसतंय म्हणून नाचू नका अजून. काही मॉनिटर सिग्नल मुकाट घेतात आणि आतल्या आत फ्रेम गाळतात, म्हणजे कागदावर ७५, पडद्यावर पूर्वीचंच. तपासायला फ्रेम स्किपिंगची टेस्ट ब्राउझरमध्ये उघडा, त्यात चौकोनांच्या जाळीवर एक पांढरा चौकोन फ्रेमगणिक पुढे सरकतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद करून फोटो काढा. सलग ७-८ चौकोन उजळलेले दिसले तर काम झालं, मधेच एखादा काळा राहिला तर फ्रेम गळतायत, दोन हर्ट्झ खाली या आणि परत फोटो काढा. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, मी आठवडाभर खुशीत होतो आणि फोटोत प्रत्येक पाचवा चौकोन काळा निघाला.

जमलेला आकडा सीआरयूमधून एक्स्पोर्ट करून ठेवा. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज कधीकधी तोच मॉनिटर नवा समजतं आणि तुमची ओळ दिसेनाशी होते, मग ती फाइल इम्पोर्ट करायची, ड्रायव्हर रीस्टार्ट, आणि रेट परत निवडायचा.