बिनकाट्याची घायपात: मृगाआधी बूड मोकळे करा

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि त्याआधीच्या वळवाने जमीन एकदा भिजली की पुढचे चार महिने हे काम करता येत नाही. म्हणून ज्यांनी बंगल्याच्या बागेत, शेतघराच्या वाटेवर किंवा द्राक्षबागेच्या कडेला बिनकाट्याची घायपात लावली आहे, त्यांनी बाकीची कामे बाजूला ठेवून आधी रोपाच्या बुडाशी हात घालावा आणि माती कुठवर चढली आहे ते पाहावे. खालच्या पानांचा तळ मातीत गाडला गेला असेल, तर ते रोप आज कितीही टवटवीत दिसत असले तरी श्रावण संपेपर्यंत टिकेलच असे धरून चालू नये. नाशिक, निफाड आणि दिंडोरी परिसरात मेलेली जी रोपे मी उपटून पाहिली, त्यांतील बहुतेकांचे मूळ थंडीने, उन्हाने वा किडीने नव्हे, तर बुडाशी साचलेल्या पाण्याने कुजलेले होते.

ही घायपात म्हणजे अगेव्ह ब्रॅक्टिओसा. आपल्याकडे बांधावर कुंपण म्हणून लावतात आणि जिचा वाख काढून दोर वळतात, त्या केकताडाचीच ही नातलग आहे. मात्र हिच्या पानाच्या टोकाला सुई नाही आणि कडेलाही टोचणारे काटे नाहीत. पाने अरुंद, फिकट हिरवी आणि बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. हिचे मूळ घर ईशान्य मेक्सिकोतील न्युएवो लिओन आणि कोआविला या राज्यांतील चुनखडीच्या कड्यांवर आहे. तेथे ती खडकाच्या कपारीत उभ्या उतारावर वाढते, त्यामुळे कितीही पाऊस झाला तरी पाणी तिच्या मुळाशी थांबत नाही. बहुतेक घायपाती एकदा फुलोरा आला की मरतात. ही मात्र पांढरट फुलांचा दांडा टाकूनही जगते. वाढ अत्यंत संथ आहे, म्हणजे एक रोप गेले की अनेक वर्षांची वाट पाहणे वाया जाते, हेही लक्षात ठेवावे.

रोपवाटिकेत 'थंडी सोसणारी' अशी पाटी लावून ती विकली जाते आणि गैरसमज तेथूनच सुरू होतो. ही घायपात उणे १० अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी सोसते हे खरे आहे, परंतु ते कोरड्या मुळांवर. निफाडचा पारा कडाक्याच्या थंडीत चार-पाच अंशांपर्यंत घसरतो आणि द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. या झाडाला तेवढ्या थंडीने काहीही होत नाही. असे असूनही निफाडकडे हिवाळ्यात रोपे गेली, कारण थंडीपासून द्राक्षघड वाचवण्यासाठी पहाटे बागेला पाणी सोडले जाते आणि कडेच्या घायपातीचा ड्रिपर त्याच लॅटरलवर, म्हणजे ठिबकच्या नळीवर, असतो. एका बागेत मी ओळीने लावलेली सात रोपे पाहिली होती. बागायतदाराने त्यांवर रात्री गोणपाट पांघरले होते, बाजूला शेकोटीही पेटवली होती, आणि पहाटे पाणी चालूच होते. फेब्रुवारीत मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांचा गाभा, धरून हलकेच ओढला तेव्हा सातपैकी पाच रोपांचा पोंगा हातात आला, आणि त्याला आंबूस वास येत होता. गोणपाटाऐवजी त्या ड्रिपरला बूच लावले असते, तर काम झाले असते.

काळ्या, कसदार जमिनीचा अभिमान द्राक्षाला आणि कांद्याला शोभतो, घायपातीला नाही. अशा जमिनीत खड्डा खोदून त्यात भुसभुशीत माती भरली, तर तो खड्डा म्हणजे तळ नसलेली नव्हे, तळ असलेली बादलीच होते. भोवतालचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर जायला वाट राहत नाही. लागवडीआधी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाभराने पट्टीने मोजावे. पाणी तासाला दोन इंचांपेक्षा कमी उतरत असेल, तर तेथे खड्ड्यात लागवड करूच नये. (दोन इंच हा माझा अंदाज आहे, पण त्याने मला अजून दगा दिलेला नाही.) अशा जागी जमिनीवर किमान एक फूट उंचीचा मुरूम-दगडांचा उंचवटा करून त्यावर रोप बसवावे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या घाटमाथ्याच्या पट्ट्यात तेवढेही पुरत नाही. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे हे झाड कुंडीतच ठेवावे आणि पावसाळ्यात पागोळ्यांपासून दूर, पण उजेडाच्या ओसरीत घ्यावे.

उंचवट्यावर बसवतानाही रोप सरळ उभे न करता किंचित कलते ठेवावे, म्हणजे पोंग्यात पडलेले पाणी ओघळून जाते. कड्यावर ते तसेच वाढते, एवढाच माझा आधार आहे. कोणत्याही शिफारशीत हे लिहिलेले मी वाचलेले नाही. दगडी गडग्याच्या फटीत लावलेली रोपे सर्वांत निरोगी राहिलेली मात्र मी पाहिली आहेत.

नेहमीची कामे थोडक्यात:

माध्यम: मुरूम किंवा बारीक खडी दोन भाग, कच (दगडाचा बारीक चुरा) एक भाग, चांगले कुजलेले शेणखत अर्धा भाग.
अंतर: अडीच ते तीन फूट.
ऊन: सकाळचे पूर्ण, एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली.
पाणी: उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा सकाळी, पावसाळ्यात बंद.
आच्छादन: फक्त खडी. उसाचे पाचट किंवा बगॅस नको.
कुंडी: मातीची, तळाला मोठे छिद्र, खाली बशी नको.
मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्ले): ऑक्टोबरनंतर काढावेत, जखम आठवडाभर सावलीत वाळवावी.

पाणी कधी बंद करायचे, याला तारीख शोधू नये. शेतात मृगाचा लाल मखमली किडा दिसला की नळी काढून ठेवावी आणि दिवाळीपर्यंत पुन्हा जोडू नये, असा माझा परिपाठ आहे. हस्ताचा पाऊस आणि परतीचा पाऊस हे दोन्ही उघडीप दाखवून फसवतात. वरची माती दोन दिवसांत भुरभुरीत होते आणि माणूस दया येऊन पाणी घालतो, तेव्हा बोटभर खाली माती चिकटच असते.

रोप पिवळे पडले की कृषी सेवा केंद्रात जाण्याची आपली सवय आहे आणि तेथून ह्युमिक ॲसिड, समुद्री शेवाळाचा अर्क, मुळी वाढवणारे द्रावण अशा तीन-चार बाटल्या हातात पडतात. द्राक्षाच्या हंगामात या बाटल्यांवर किती खर्च होतो, हे नाशिकच्या बागायतदाराला सांगण्याची गरज नाही. गुदमरलेल्या मुळाला ही द्रावणे पाजणे म्हणजे आणखी पाणीच पाजणे आहे. पाणी धरून ठेवणारे जेल तर या झाडाच्या जवळपासही आणू नये, आणि 'सक्युलंट मिक्स' म्हणून विकले जाणारे कोकोपीटचे मिश्रण पावसाळ्यात स्पंजासारखे ओले राहते. त्या पैशात खडीची अर्धी ट्रॉली येते.

औषध लागतेच, ते दोन प्रसंगी. बूडकुज नुकतीच सुरू झाली असेल, तर कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के हे बुरशीनाशक लिटरला २.५ ते ३ ग्रॅम घेऊन, माती कोरडी असताना, बुडाशी एकदाच ओतावे. निरोगी रोपांसाठी प्रतिबंध म्हणून प्रतिकिलो शेणखतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून लागवडीच्या वेळी द्यावा. तांबेयुक्त औषध आणि ट्रायकोडर्मा यांत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे, नाहीतर पहिले दुसऱ्याला मारते. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. प्रमाण जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा आणि मुंग्यांची वाट शोधावी, कारण मुंग्या असतील तोवर पिठ्या ढेकूण परत येतो. फवारताना पाने हाताळू नयेत. ती ठिसूळ असतात आणि कडकन मोडतात.

नवे रोप घेताना एक फसवणूक ओळखावी. रुंद, करड्या-हिरव्या, सपाट पानांची आणि पुढे खोड धरणारी अगेव्ह ॲटेन्युएटा हीसुद्धा बिनकाट्याची असल्याने 'थंडी सोसणारी' म्हणून गळ्यात मारली जाते. नाशिक शहरात ती तग धरते, परंतु दहिवर पडून गोठले की तिची पाने भाजल्यासारखी होतात. रोप कुंडीतून बाहेर काढून मूळ दाखवण्यास विक्रेता तयार नसेल, तर ते घेऊ नये.

आता मृगाआधीचे काम. बुडाशी चढलेली माती हाताने, खुरप्याने नव्हे, बाजूला करावी आणि सर्वांत खालच्या पानाचा तळ उघडा दिसेपर्यंत थांबू नये. तपकिरी, मऊ पाने आढळल्यास रोप पूर्ण उपटावे, कुजलेला भाग पांढरा, घट्ट गाभा लागेपर्यंत धारदार सुरीने काढावा, प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी आणि रोप सावलीत सात ते दहा दिवस उघडे वाळू द्यावे. तेवढे दिवस पावसाआधी मिळणार नसतील, तर ते उपटलेले रोप ओसरीत टांगून ठेवावे. मुळे मातीबाहेर असताना ही घायपात महिनाभर सहज तग धरते. पोंगा ओढून पाहावा. तो घट्ट असेल तर रोप वाचेल. हातात आला, तर बाजूचे मुनवे तेवढे सोडवून घ्यावेत आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.