क्रेडिट कार्डात कुणाचे तरी पैसे जमा झालेत? या चुका टाळा

स्टेटमेंटमध्ये १२,४०० रुपये, पुढे ‘सीआर’ (क्रेडिट, म्हणजे जमा), आणि तुम्ही तर काहीच भरलेलं नाही. आनंद मानण्याआधी त्या ओळीतलं वर्णन नीट वाचा.

दुकानाचं किंवा ॲपचं नाव असेल तर तो बहुधा रिफंड. त्याच रकमेची जुनी खरेदी दोन-तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये शोधा. खरेदी ईएमआयवर घेतली असेल तर मूळ रक्कम जमा दाखवून पुढे हप्ते नावे पडतात. तक्रार केलेल्या व्यवहाराचं क्रेडिट तात्पुरतं असू शकतं. निकाल विरुद्ध गेला की ते परत काढून घेतात. नुसतं ‘पेमेंट रिसीव्ह्ड’ असेल तर आधी घरात विचारा. कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळणीचा असल्यामुळे एखादा अंक चुकला तर तो क्रमांक बहुतेक वेळा बादच होतो. म्हणून अशा गोंधळात ॲपमध्ये सेव्ह केलेलं भलतंच कार्ड निवडलं जाण्याची शक्यता जास्त. भावाने स्वतःचं समजून तुमचं बिल भरलं, असंही निघतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फोनवर विश्वास ठेवणं. ‘दादा, चुकून तुमच्या कार्डात गेले, या नंबरवर यूपीआय करा’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. ते पैसे कुणाच्या तरी खात्यातून चोरलेले असू शकतात. मूळ व्यवहार उलटला की कार्डातली जमा जाते, तुम्ही पाठवलेले पैसेही जातात, वर पोलिसांच्या तपासात तुमचं खातं येतं. समोरच्याला एवढंच सांगा: तुमच्या बँकेत रेफरन्स नंबर देऊन तक्रार करा. पैसे पाठवून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी चूक, बिल फिटलं असं धरून चालणं. जमा मागे घेतली गेली तर लेट फी आणि व्याज तुमच्याच माथी. शहानिशा होईपर्यंत देय तारखेआधी आपलं बिल आपण भरा. ती रक्कम खर्चूही नका: चुकून आलेले पैसे परत करणं करार कायद्याच्या कलम ७२ नुसार बंधनकारक आहे, आणि जाणूनबुजून गिळंकृत केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं.

बँकेला फोन करून थांबू नका, ईमेल लिहा. तारीख, रक्कम, वर्णन, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि एक थेट प्रश्न: हे पैसे कोणत्या मार्गाने, कोणत्या रेफरन्स नंबरने आले? तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

रिफंड तुमचाच निघाला, बिलही भरून झालंय? तर ती रक्कम बँक खात्यात मागा; रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. पैसे कुणाचे हे ठरण्याआधी मात्र ही मागणी करू नका आणि कार्डही बंद करू नका. बंद करताना शिल्लक जमा तुमच्या बँक खात्यात वळती होते, म्हणजे परक्याचे पैसे थेट तुमच्या खात्यात येऊन पडतात.